किल्ली कुणाच्या खिशात होती

"आज या शहराला खरं काय ते कळणार," असं भोंग्याने आरशासमोर उभं राहून जाहीर केलं आणि संतापाच्या भरात हनुवटी कापून घेतली.

भोंगा म्हणजे शहरातल्या सगळ्यात गाजलेल्या गाण्यांच्या रेडिओ स्टेशनचा सकाळचा निवेदक. स्टेशन सुरू झालं त्या दिवसापासून तोच. त्याचा आवाज असा दणदणीत की त्याचं खरं नाव लोक केव्हाच विसरले होते, आणि पगाराच्या दिवशी त्यालाही ते जरा आठवावं लागे.

"खरं सांगा खुशाल," बायको दारातून म्हणाली, "पण माझ्या भावाचं नाव घेऊ नका."

"तुझ्या भावाचं नाव गाळून खरं सांगायचं कसं? तोच तर सगळा खोटेपणा आहे."

बायकोचा हा धाकटा भाऊ आता स्टेशनचा संचालक होता. त्याला नोकरीला लावलं भोंग्यानेच, तबकड्या उचलून ठेवायला. आणि आज स्टेशनच्या रौप्यमहोत्सवानिमित्त चौकाचौकात त्याचे फलक झळकत होते. हनुवटीखाली हात, नजर दूर कुठेतरी, आणि खाली ओळ: 'एका माणसाचं स्वप्न, साऱ्या शहराची गाणी.' वर्तमानपत्रात त्याची मुलाखत आली होती ती वेगळीच. "मी श्रोत्यांच्या मनाचा खोल अभ्यास केला आणि मोजकी लोकप्रिय गाणी पुन्हा पुन्हा वाजवायची कल्पना मला सुचली." ते वाचून भोंग्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि ती अजून उतरली नव्हती.

कल्पना सुचली म्हणे. सुरुवातीला त्या स्टेशनवर छपराची गळती कशी थांबवावी यावर भाषणं होत, आणि ती ऐकायला वक्त्याचे घरचे लोकही नसत. मग एके सकाळी हा मेहुणा तबकड्यांच्या कपाटाची किल्ली खिशात घालून घरी ढाराढूर झोपून राहिला. टेबलावर आदल्या दिवशीच्या चार-पाच तबकड्या तेवढ्या पडलेल्या. भोंग्याने त्याच आलटून पालटून वाजवल्या, आणि तेच तेच चाललंय हे लोकांच्या लक्षात येऊ नये म्हणून मधे मधे तोंडाला येईल ते ओरडत राहिला. दुपारपर्यंत फोन करणाऱ्यांची झुंबड उडाली. त्या दिवसापासून मोजकी गाणी आणि भरपूर आरडाओरडा हाच स्टेशनचा धर्म झाला. शहर वेडं झालं. ती सकाळ भोंग्याची होती, त्याच्या घामाची होती, आणि एवढं एकच त्याला जगाला सांगायचं होतं.

संधीही चालून आली होती. महोत्सवाच्या सकाळी स्टेशनचा इतिहास त्यानेच सांगायचा होता. फक्त एक अट होती, आणि ती प्रत्येक निवेदकाला असते. गाण्याआधी वाद्यं वाजतात तेवढ्यात बोलून घ्यायचं. गायकाने तोंड उघडलं की निवेदकाने मिटायचं. भोंग्याचा यात हातखंडा होता. शेवटचं अक्षर आणि गायकाचं पहिलं अक्षर यांच्या मधे तो फटसुद्धा ठेवत नसे. पण श्रोत्यांना धीर नसतो असा आणखी एक खोल अभ्यास करून मेहुण्याने अलीकडे सगळ्या गाण्यांची सुरुवातीची वाद्यं कापून आखूड केली होती. वर संगणक असा बसवला होता की गायक सुरू झाला की माईक आपोआप बंद.

भोंग्याने घसा खाकरला. "मित्रांनो, आपल्या स्टेशनचा जन्म झाला तो एका किल्लीमुळे. गाण्यांच्या कपाटाची किल्ली खिशात घालून त्या सकाळी जो इसम घोरत पडला होता, तो इसम म्हणजे..."

गायक सुरू. माईक बंद. भोंग्याने टेबलावर मूठ आपटली.

पुढच्या गाण्याला तो आधीच दबा धरून बसला. पण राग आला की माणसाची वाक्यं लांबतात. "तर तो निर्लज्ज, आयतोबा, दुसऱ्याच्या कष्टावर हार घालून मिरवणारा, ज्याला मी स्वतः हाताला धरून इथे आणला, तो..."

पुन्हा गायक. काचेपलीकडून तंत्रज्ञाने अंगठा दाखवला.

"अंगठा कसला दाखवतोस? माझं वाक्य कापलं गेलं."

"म्हणूनच तर," तंत्रज्ञ म्हणाला. "बाहेर फोन थांबत नाहीयेत. लोकांना वाटतंय स्पर्धा आहे. वाक्य पूर्ण करा, बक्षीस जिंका."

यात लोकांची काही चूक नव्हती. गेली कित्येक वर्षं हे स्टेशन दर तासाला अर्धं वाक्य सोडून पंखे आणि इस्त्र्या वाटत आलं होतं. दार उघडून मेहुणा आत आला तो दोन्ही हात पसरूनच.

"भावोजी, कमाल केलीत. एवढे फोन गेल्या वर्षभरात आले नव्हते. नाव मात्र आता शेवटपर्यंत सांगू नका. मी कपडे धुण्याचं मशीन जाहीर करतोय."

"तू ऐकलंस का मी काय बोललो ते?"

"ऐकायला वेळ कुठे मिळतो? मी फोन मोजत होतो."

भोंग्याने त्याचा चेहरा नीट निरखला. हा माणूस खोटं बोलत नव्हता. तो ती सकाळ प्रामाणिकपणे विसरला होता, आणि भोंग्याला त्याचाच जास्त संताप आला.

मशीनच्या नावाने शहर पेटलं. उत्तरं येऊ लागली आणि तंत्रज्ञाचा चेहरा पडू लागला. शेवटी त्याने चाचरत सांगितलं, "जवळजवळ सगळे एकच नाव सांगतायत. तुमचं."

"माझं?"

"लोक म्हणतात, एवढी शिव्यांची लाखोली माणूस स्वतःलाच वाहू शकतो. आपल्या चुकीची किती मोकळेपणाने थट्टा करतात, म्हणे."

भोंग्याचं डोकं फुटायचं बाकी राहिलं. त्याने मेहुण्याची कॉलर धरली. "मला गाण्याशिवाय माईक दे. वाद्यं नकोत, गायक नको, तुझा तो संगणक नको. पाहिजे तेवढा वेळ दे."

"द्या," मेहुणा तंत्रज्ञाला म्हणाला. "निकाल थाटात जाहीर होऊ दे."

सगळा पसारा बंद झाला. भोंग्यापुढे अख्खं शहर कान टवकारून बसलं होतं आणि त्याला अडवणारं कुणी नव्हतं. "मित्रांनो, तुमची उत्तरं साफ चुकीची आहेत," असं म्हणण्याआधी जरा प्रस्तावना करावी म्हणून तो म्हणाला, "मित्रांनो, तुमची उत्तरं माझ्यापर्यंत पोचली. पंचवीस वर्षं मनात ठेवलेलं आज सांगतो. त्या सकाळी झोपून राहिलेला माणूस म्हणजे..."

आणि त्याचं तोंड मिटलं.

गायक नव्हता, गाणं नव्हतं. पण जिथे गायक सुरू व्हायचा तिथे ते तोंड पंचवीस वर्षं मिटत आलं होतं, आणि सवयीने आजही मिटलं. भोंग्याने ते उघडायचा प्रयत्न केला. श्वास आत गेला, शब्द बाहेर येईना. रेडिओवर शांतता म्हणजे घरात आग, त्यामुळे घाबरलेल्या तंत्रज्ञाने जे हाताला लागलं ते गाणं लावून टाकलं. मागोमाग मेहुण्याचा भरून आलेला आवाज साऱ्या शहराने ऐकला. "कंठ दाटून आला भावोजींचा. झालं गेलं विसरून जाऊ. त्यांच्या त्या झोपेमुळेच आज हे स्टेशन उभं आहे."

बायकोचा फोन आला. ती रडत होती. "माझ्या भावासाठी सगळं स्वतःवर घेतलंत. मी तुम्हाला आजवर ओळखलंच नाही."

भोंग्याने फोन ठेवला, जिना उतरला आणि टॅक्सीत बसून घराचा पत्ता सांगितला. पत्त्याचा पहिला शब्द ऐकूनच टॅक्सीवाल्याने गाडी बाजूला घेतली आणि मागे वळून पाहिलं.

"भोंगा ना तुम्ही? त्या सकाळी मी बायकोला बाळंतपणासाठी दवाखान्यात नेत होतो. तेच गाणं तीनदा लागलं. तिसऱ्यांदा लागलं तेव्हा ती कळा विसरून हसायला लागली. मुलगी हसत हसत झाली आमची." त्याने हात पुढे केला. "तुम्ही झोपला नसतात तर कुठली ती गाणी, साहेब. आभार मानायचे राहिले होते."

त्या सकाळबद्दल भोंग्याचे आभार आजवर कुणीही मानले नव्हते. त्याने तोंड उघडलं. या वेळी ते मधेच मिटलं नाही. सांगायचं होतं ते सगळं नीट जिभेवर आलं, मेहुण्याच्या नावासकट.

त्याने टॅक्सीवाल्याचा हात हातात घेतला.

"काय सांगू," तो म्हणाला, "फारच गाढ लागली होती हो."