कोक-सायच्या हरवलेल्या खेळाचा निवाडा

माणूस काल काय जेवला ते विसरतो, कोणाला काय कबूल केलं ते विसरतो, प्रसंगी स्वतःच्या लग्नाची तारीखही विसरतो. पण आपण कुठे जिंकलो होतो हे तो मरेपर्यंत विसरत नाही. जिंकला नसेल तर अधिकच नीट लक्षात ठेवतो. गावोगावची शिस्त यावरच टिकून आहे.

नारीन नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या कोक-साय गावात अनिपाकडे असा एक विजय होता. चोवीस वर्षांपूर्वी ती आणि तिची धाकटी जाऊ काकिश गुरांच्या दवाखान्यात कामाला होत्या. तिथे लसीचे दाखले लिहायला सरकारने एक कंप्युटर पाठवला होता. त्यावर दाखले किती लिहिले गेले याची नोंद सापडत नाही, पण त्यात एक खेळ होता आणि तो या दोघींनी एकोणसाठ डावांपर्यंत नेला हे सगळं गाव सांगतं. चौकोन सरकवायचे, वाट मोकळी करायची, लाल चौकोन भोकात घालायचा. साठावा, म्हणजे दोघींच्या समजुतीने शेवटचा, डाव सुटला आणि त्याच क्षणी गावची वीज गेली. यंत्र जे मेलं ते मेलंच; पुढे दवाखानाही बंद झाला आणि ते कुठे गेलं कोणाला कळलं नाही.

अनिपाचं म्हणणं, मी एका चालीवर आणून ठेवून चहा आणायला उठले, आणि हिने नुसतं बोट लावलं. काकिशचं म्हणणं, एजेंनी सगळा चिखल करून ठेवला होता, मी पहिल्यापासून मांडून सोडवला. (एजे म्हणजे थोरली बहीण. इतकं भांडूनही काकिशने हा मान कधी सोडला नाही. शिव्या तिने मान राखूनच दिल्या.) त्या दिवसापासून दोन्ही घरांचं एका दस्तरखानावर जेवण बंद. त्यांचे नवरे, म्हणजे सख्खे भाऊ मामीत आणि सोरोनबाय, शनिवारी वाफेच्या न्हाणीघरात चोरून भेटायचे आणि वेगवेगळ्या वाटांनी घरी जायचे.

यंदा सोरोनबायची सत्तरी आली. मेंढा ठरला, पाहुणे ठरले. मामीत पंचाहत्तरचा. तो अनिपाला म्हणाला, "एकदा भावाच्या घरी जेवू दे गं. पुढच्या वर्षी दात असतील की नाही, कोणी सांगावं."

"जाऊ या की," अनिपा म्हणाली. "मी कधी नाही म्हटलं? आधी निवाडा होऊ दे. तो खेळ सापडू दे, साठावा कोणी सोडवला ते त्यातच लिहिलेलं असणार. मग मी मान वर करून जाईन."

"आणि नाही सापडला तर?"

"तर तुम्ही दात सांभाळा."

अशा रीतीने प्रकरण गावच्या वडीलधाऱ्यांच्या न्यायमंडळापुढे आलं. पाच सदस्य, पाच पांढऱ्या उंच टोप्या, सरासरी वय अठ्ठ्याहत्तर. मंडळाकडे तक्रारींचे चार प्रकार आहेत: पाण्याची पाळी, बांध, अपमान आणि हरवलेलं जनावर. अध्यक्ष एशिमबेक यांनी बराच विचार केला. खेळ म्हणजे पाणी नव्हे, बांधही नव्हे. अपमान आहे, पण तो हरवलेला नाही, दोन्ही घरांत व्यवस्थित सांभाळून ठेवलेला आहे. सबब प्रकरण हरवलेल्या जनावराच्या नियमांनी चालवायचं ठरलं.

"वय?" एशिमबेकनी विचारलं.

"चोवीसच्या वर."

"रंग?"

"पिवळा," अनिपा म्हणाली.

"हिरवा," बाकाच्या दुसऱ्या टोकावरून काकिश म्हणाली. "एजेंचे डोळे तेव्हापासूनच गेले होते."

"कानाची खूण?"

दोघींनी एकाच वेळी खांदे उडवले. (चोवीस वर्षांत एकमत झालेला हा पहिला मुद्दा.)

"स्वभाव?"

"हट्टी," दोघी एकदम म्हणाल्या. लिहिणाऱ्याला नेमकं कोणाबद्दल ते कळेना. त्याने ते तसंच लिहिलं.

नियमाप्रमाणे रविवारच्या गुरांच्या बाजारात भोंग्यावरून वर्णन वाचून दाखवण्यात आलं. तीन आठवड्यांत एकतीस जबाब आले. तेरा जणांनी खेळ पाहिला होता, पण निळा. नऊ जणांना त्यात गाणं आठवत होतं आणि नऊही गाणी वेगळी होती. सहा जण खऱ्या मेंढीबद्दल बोलत होते. दोघांनी पत्त्यांचे जोड आणले. एका गृहस्थांनी बुद्धिबळाचा पट आणला, कारण एकोणीस वर्षांपूर्वी मेहुण्याने त्यांचा वजीर ढापला होता आणि हे ऐकून घेणारं कार्यालय त्यांना प्रथमच भेटत होतं.

फोन दुरुस्त करणारा सागिन, वय बावन्न, याने मंडळाच्या परवानगीने इंटरनेटवरही विचारणा केली. तिथे अर्धवट आठवणारे खेळ शोधणाऱ्या लोकांची मोठी बिरादरी असल्याचं उघड झालं. तासाभरात चार देशांतून उत्तरं आली. प्रत्येकाला खात्री होती की कोक-सायचा खेळ म्हणजे त्याचाच खेळ. दुपारपर्यंत त्यांच्यातल्या दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. ते वाचून अनिपाला बरं वाटलं. बाहेरच्या देशांतही चांगल्या घरची माणसं आहेत म्हणाली.

मामीत मात्र रोज तेच बोले. "नाही मिळायचा. सोड."

"तुम्हाला काय ठाऊक?"

"मला काय ठाऊक असणार," मामीत म्हणे आणि उठून कोंबड्यांना दाणे टाकायला जाई. इतके दाणे खाणाऱ्या कोंबड्या गावात दुसऱ्या नव्हत्या.

सत्तरीचा दिवस उजाडला तरी निवाडा नव्हता. सोरोनबायकडे मेंढा कढईत चढला होता. तेव्हा एशिमबेकना नियमातलं शेवटचं कलम आठवलं: हरवलेलं जनावर सर्वांत आधी तक्रारदाराच्याच गोठ्यात शोधावं. (सर्वांत आधी करायची गोष्ट शेवटच्या कलमात घालण्यामागे पूर्वजांचा काही विचार असेल.)

दोघी जावा आणि मामीत यांना घेऊन मंडळ अनिपाच्या गोठ्यात शिरलं. चाऱ्यामागे पोतं, पोत्याखाली दवाखान्याचा कंप्युटर. त्यावर एक कोंबडी अंड्यांवर बसली होती. तिने मंडळाची दखल घेतली नाही.

अनिपा नवऱ्याकडे वळली. "हे तुमचं काम!"

"दवाखाना बंद झाला तेव्हा भंगारात चालला होता," मामीत म्हणाला. "मी उचलून आणला."

"आणि मला सांगितलं नाही? चोवीस वर्षं मी..."

"सांगितलं असतं तर तुमच्यातली एक हरली असती. आणि हरलेलीच्या घरात आमच्यातल्या एकाला राहावं लागलं असतं."

यावर पाचही सदस्यांनी टोप्या सारख्या केल्या. पाचही विवाहित होते.

सागिनला दुरुस्तीला पाऊण तास लागला. पडदा उजळला. चौकोन करडे होते. पिवळे नाहीत, हिरवे नाहीत. खाली अक्षरं होती: सुटलेले डाव एकोणसाठ. एकूण डाव शंभर. साठावा वीज जाताना पुसला गेला होता, आणि तो शेवटचा कधीच नव्हता.

 अनिपा उलट्या बादलीवर बसली. जरा वेळाने काकिशने दुसरी बादली ओढली.

"हा कोपऱ्यातला खाली घ्या," काकिश म्हणाली.

"मला शिकवू नकोस."

"मग घ्या ना एजे. चोवीस वर्षं थांबलेय मी."

"आडवा कुठे जाईल गं तो? डोळे आहेत का बटणं?"

दोन तास झाले. कोणी उठेना. मांस गार होईल म्हणून सोरोनबायने परात गोठ्यातच आणली. दस्तरखान गवतावर अंथरला. मेंढ्याच्या शेपटाकडचा मानाचा तुकडा रीतीप्रमाणे अनिपापुढे आला. काकिशनेच कापून दिला, पडद्यावरची नजर न काढता. दोघे भाऊ एका परातीत जेवले. मामीतला दात पुरले.

साठावा डाव सुटला. चाल कोणाची होती ते मंडळाला सांगता येत नाही, कारण त्या क्षणी पाचही सदस्य ठराव करून भिंतीकडे तोंड करून बसले होते. एकसष्टावा उघडला.

या अनुभवानंतर मंडळाने तक्रारींचा पाचवा प्रकार सुरू केला: अर्धवट आठवणारा खेळ. हे वाचताना तुम्हीही मनात म्हणाला असाल की तो खेळ आम्हाला ठाऊक आहे, आणि तो असा नव्हताच. जरूर या. अर्ज गुरुवारी घेतले जातात. खेळाचं वर्णन लिहिलं नाहीत तरी चालेल. फक्त एक रकाना भरावाच लागतो: आपलं कोणाशी बोलणं बंद आहे. आजवर तो कोणी कोरा ठेवलेला नाही. तुम्ही कोणाचं नाव लिहिणार ते तर तुम्हाला आत्ताच आठवलं.