बिंबाचं चित्र आणि अंड्याची खूण

एका जंगलात, मुलांनो, बिंबा नावाची एक खार होती. आपली शेपटी रंगात बुडवून तिने आयुष्यातलं पहिलं चित्र काढलं. पळसाच्या फांदीवर बसलेली तिची आई!

चित्र नदीपलीकडे सिंहमहाराजांच्या दरबारात, चित्रस्पर्धेत लागणार होतं. फक्त तिथवर धड पोचायला हवं होतं.

"ओरखडा पडला तर? भिजलं तर? पडलंच तर?" बिंबा म्हणाली.

"अगं, मी आहे ना!" साळिंदरकाका म्हणाले. जंगलातलं सगळं पॅकिंग तेच करायचे.

"आहात म्हणूनच भीती वाटते, काका. तुमचे काटे लागतील. चित्र त्या झाडाला टेकवून ठेवते. आधी खोकं भरा, मधे चित्रापुरती जागा सोडा."

काकांनी खोक्यात केळीची पानं घातली. मग सावरीचा कापूस. मग सुगरणीची जुनी घरटी.

"अजून एक थर!" बिंबा म्हणाली.

थरावर थर चढले. खोकं गव्याएवढं झालं!

"आता वर 'नाजूक' असं लिहू," बिंबा म्हणाली.

"वाचता कुणाला येतंय इथे? खूण काढ. सगळ्यात नाजूक काय?"

"अंडं!"

बिंबा चारही बाजूंनी अंडी रंगवायला लागली. इकडे काकांचं लक्ष खोक्यात गेलं.

"मधे ही पोकळी कसली? पोकळी म्हणजे धोका!" असं पुटपुटत त्यांनी ती कापसाने गच्च भरली आणि झाकण ठोकलं.

खोकं न्यायला घोरपडमावशी आल्या. अंडी बघून त्यांची जीभ दोनदा आत-बाहेर झाली.

"मावशी, ती नुसती खूण आहे हं!"

"हो गं बाई, कळतं मला."

बिंबा फांद्याफांद्यांवरून पुढे पळाली. मागाहून मावशी दरबारात शिरल्या. खोक्याच्या चिंध्या, तोंडभर कापूस.

"फसवणूक! तळापर्यंत उकरलं, एक अंडं नाही!"

"आणि चित्र?" बिंबा किंचाळली.

"चित्रही नाही!"

दरबारभर कापूस उडत होता. समीक्षक बगळ्याने डोळे मिटले. "वा! चित्राचं नसणं किती बोलकं आहे!"

"मलाही तेच म्हणायचं होतं," महाराज घाईघाईने म्हणाले. खोक्याला पहिलं बक्षीस मिळालं.

बिंबा धापा टाकत घरी आली. चित्र झाडाला टेकलेलं होतं. त्यात आई फांदीवर मजेत बसलेली होती.

"काका! कुणी पाहिलंच नाही हो हिला!"

काकांनी चित्र लांबूनच निरखलं.

"पण एक तरी ओरखडा आहे का, सांग! माझ्या पॅकिंगबद्दल आजवर एक तक्रार आलेली नाही."

तात्पर्य, नीट पाठ करा हं: मौल्यवान वस्तू पाठवताना पॅकिंग भक्कम करावं, खूण ठळक काढावी, आणि वस्तू घरीच ठेवावी.