अकरा दहाची गाडी

शनिवारी सकाळी सात वाजता श्रीरंग खांबेटे स्वतःच्याच गॅरेजमध्ये चोरासारखे वावरत होते. अमेरिकेत नोव्हायला येऊन त्यांना पंचेचाळीस वर्षं झाली होती, गॅरेज त्यांचं होतं, गाडी त्यांची होती आणि अजून तरी तिची किल्लीही त्यांच्याच खिशात होती. हे ‘अजून तरी’च सगळ्याच्या मुळाशी होतं.

तीन आठवड्यांपूर्वी श्रीरंगनी गाडी मागे घेतली होती. गॅरेजचं दार तेव्हा बंद होतं. गाडी मागे घेताना टीं टीं वाजून सावध करणारं यंत्र तिच्यात होतं, आणि त्यांची मुलगी नीना नेमकी असलीच यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होती. पण श्रीरंगनी ते बंद करून ठेवलं होतं. “सारखं मागून कोणीतरी सूचना देतंय, ही सोय घरात आहेच,” असं त्यांचं म्हणणं. ज्यांच्या रोखाने ते म्हटलं होतं त्या त्यांच्या पत्नी सुलेखाताई तेव्हा हसल्या होत्या, नीना मात्र हसली नव्हती.

“बाबा, वन मोर डेंट, अँड आय टेक द की,” ती म्हणाली होती. “यू आर सेव्हंटी सिक्स!”

किल्ली गेली की माणूस दूध आणायलाही मुलीच्या सवडीने जातो, हे श्रीरंगनी मित्रमंडळींत पाहिलं होतं. म्हणून तीन आठवडे ते गाडी अशी चालवत होते की मागचे लोक हॉर्न वाजवून थकत होते. पण गुरुवारी त्र्यंबकने एक बातमी पाठवली. रोज सकाळी फुलांची चित्रं पाठवणारा हा मित्र एकदम कामाचं काही पाठवील असं कोणाला वाटलं नव्हतं. बातमी ओहायोतल्या ऑलबर्न गावाची होती. तिथल्या मेन स्ट्रीटच्या मधोमध, दुकानांच्या दारांवरून गेली शंभरेक वर्षं धावणारी मालगाडी सोमवारपासून गावाबाहेरच्या नव्या रुळांवरून जाणार होती. मेन स्ट्रीटवरून तिची शेवटची फेरी शनिवारी.

खांबेटे पतिपत्नींचा संसार सुरू झाला तो याच मेन स्ट्रीटवर, रंगाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. रोज सकाळी अकरा दहाला खिडकीखालून मालगाडी जाई आणि घरातलं एकूण एक भांडं बोलू लागे. लोणच्याची बरणी फळीवरून दिवसाला अर्धा इंच पुढे सरके आणि दर रविवारी सुलेखाताई तिला परत भिंतीशी नेऊन ठेवत. कुकरचं तर विचारूच नका. फाटकापाशी गाडी दोन लांब, एक आखूड आणि पुन्हा एक लांब अशी शिट्टी देई. आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या सुलेखाताई मनात ‘चार’ म्हणत आणि येऊन गॅस बंद करत. पहिले दोन महिने श्रीरंगनी कच्ची डाळ निमूटपणे गिळली, कारण लग्न नवीन होतं.

“जायचंच,” बातमी वाचून श्रीरंग म्हणाले होते.

“नीना अडीच तास ड्राइव्ह करू देईल तुम्हाला?”

“तिला सांगू, त्र्यंबककडे सत्यनारायण आहे.”

“सत्यनारायणाच्या नावाने खोटं? साधुवाण्याच्या नावेत लतापत्रं झाली होती, आठवतंय ना?”

“आपण नावेने जात नाहीये,” श्रीरंग म्हणाले.

तर अशी ही जोडी तिखटमिठाच्या पुऱ्या, बेसनाचे लाडू आणि सुलेखाताईंची लाल शाल घेऊन निघाली. तासाभराने नीनाचा फोन आला.

“आई, तुझी बीपीची गोळी किचन काउंटरवरच राहिलीये. मी त्र्यंबककाकांकडे आणून देते.”

“अगं नको! इथे पार्किंगच नाही,” गाडी चालवता चालवता श्रीरंग ओरडले.

“बाबा, त्यांचा ड्राइव्हवे टेनिस कोर्टएवढा आहे. आणि तुम्ही आहात तरी कुठे? थांबा, आईचं लोकेशन बघते.”

श्रीरंगनी बायकोच्या हातातला फोन घेऊन घाईघाईने बंद केला. पण संशयाचं भूत मानगुटीवर बसलं ते बसलंच. नीनाने आपल्याला पाहिलं असेल का? ती मागून येत असेल का? ऑलबर्न येईपर्यंत त्यांनी आरशात जेवढं पाहिलं तेवढं गॅरेजमध्ये पाहिलं असतं तर हा दिवस आलाच नसता.

मेन स्ट्रीट होता तसाच होता. रंगाच्या दुकानात आता मेणबत्त्या विकत होते, एवढाच फरक. रस्त्याच्या मधोमध रूळ, दोन्ही बाजूंना पांढरी रेघ आणि रेघेच्या आत गाड्या लावायची जागा. श्रीरंगनी मोठ्या थाटात आपल्या जुन्या खिडकीखाली गाडी लावली.

“बाहेर आलीय हो,” सुलेखाताई वाकून म्हणाल्या. “आरसा रेघेच्या पार पलीकडे आहे.”

“पाच वर्षं इथेच लावली मी गाडी. कधी काही झालं?”

त्यांचं खरं होतं. फक्त तेव्हाची गाडी सेकंडहँड आणि काडेपेटीएवढी होती, आणि आत्ताची जवळजवळ त्या दोन खोल्यांएवढी होती. जागा तेवढीच राहिली आणि माणसं नि गाड्या रुंद झाल्या, हे श्रीरंगच्या लक्षात यायला हवं होतं. पण तेवढ्यात कॅमेरे लावून बसलेल्या रेल्वेवेड्यांपैकी एकाने सांगितलं, की गाडी आज उशिरा आहे, बारानंतरच येईल. मग सुलेखाताईंना बाकावर बसवून, किल्ली खिशात टाकून श्रीरंग समोरच्या डायनरमध्ये शिरले. अडीच तासांच्या प्रवासानंतर शहात्तराव्या वर्षी माणूस जिथे आधी जातो, तिथे ते गेले.

हात वाळवायच्या यंत्राखाली त्यांनी हात धरला आणि फोन वाजला.

“अहो, गाडी आली!” सुलेखाताईंचा आवाज वर चढला होता.

श्रीरंगनी फोन कानाशी घट्ट दाबला. “आली? कुठवर?”

“चर्चच्या वळणावर! इकडेच येतेय!”

“एकटीच आहे?”

“एकटी कसली? मागे एवढं लटांबर आहे!”

म्हणजे नीना जावई, व्याही, विहीणबाई, सगळ्यांना घेऊन आली! श्रीरंगनी एका हाताने भिंत धरली. यंत्र घोंघावतच होतं.

“रागात आहे का?”

“काय? हॉर्न मारतेय सारखी! अहो, आपला आरसा—”

“आरसा राहू दे! आधी तिला थांबव!”

“कोणी? मी?”

“मग कोण? काहीही कर, पण तिला तिथेच थांबव. मी मागच्या दाराने येतो!”

 पलीकडून सुलेखाताई अगदी शांतपणे “बरं” म्हणाल्या आणि फोन बंद झाला.

श्रीरंग डायनरच्या मुदपाकखान्यातून, पॅनकेक उलटणाऱ्या माणसाची क्षमा मागत, मागच्या गल्लीत आले. बँकेला वळसा घालून, भिंतीला चिकटत त्यांनी कोपऱ्यावरून हळूच डोकं काढलं. नीना कुठेच नव्हती.

बारानंतर येणार म्हणून सांगितलेली मालगाडी आपल्या अकरा दहालाच आली होती, आणि रस्त्याच्या मधोमध दुमजली घराएवढं इंजिन उभं होतं. त्याच्या मागे डब्यांची रांग चर्चच्या वळणापलीकडे दिसेनाशी झाली होती. इंजिनापुढे, चांगलं पन्नास पावलांवर पण रुळांच्या अगदी मधोमध, पाच फुटांच्या सुलेखाताई दोन्ही हातांत लाल शाल धरून उभ्या होत्या. आणि अख्खा गाव त्यांच्याकडे बघत होता.

इंजिनातून झाडासारखी उंच कंडक्टरबाई उतरली. “गाडी कोणी थांबवली?”

“मी,” सुलेखाताई इंग्रजीत म्हणाल्या.

“का?”

सुलेखाताईंनी शालीनेच आरशाकडे बोट दाखवलं. कंडक्टरबाईने डोळा बारीक करून अंतर जोखलं आणि मान हलवली. “आरसा गेला असता. दारही गेलं असतं बहुतेक. पण बाईसाहेब, पुन्हा कधी रुळांवर उभ्या राहू नका. ही काही टॅक्सी नाही.”

मागोमाग पोलीस आला. “ही कार कोणाची?”

कोणाचीच नाही, असं म्हणावं असं श्रीरंगच्या अगदी ओठांवर आलं. पण पंचाहत्तरीला नीनाने हौसेने घेऊन दिलेल्या नंबरप्लेटवर ठळक इंग्रजी अक्षरांत ‘खांबेटे’ लिहिलेलं होतं. ते मान खाली घालून पुढे झाले आणि त्यांनी गाडी काढली. कंडक्टरबाईने गाडीच्या भोवती एक फेरी मारली, पोलिसाने दुसरी. ओरखडा नव्हता.

आता मालगाडी जाईल आणि आपणही जाऊ, असं श्रीरंगना वाटलं. पण मालगाडी म्हणजे रिक्षा नव्हे. ब्रेक जोरात लागला होता म्हणून चौऱ्याऐंशी डबे एकेक करून तपासणं भाग होतं, आणि ते कंडक्टरबाईने चालत जाऊन तपासायचे होते. तास तरी सहज जाणार होता. गावातली चारही फाटकं अडली. आता लोक आपल्याला शिव्या घालणार, म्हणून श्रीरंगनी खांदे पाडले.

पण झालं भलतंच. शंभर वर्षांत कधी न थांबलेली गाडी आज दारात उभी राहिली होती. न्हाव्याने अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकासकट बाहेर येऊन एका डब्यावर थाप मारली. मेणबत्त्यांच्या दुकानातली बाई चाकाला हात लावून रडली. पोलिसाने वही उघडली होती, पण सुलेखाताईंनी त्याच्या हातात बेसनाचा लाडू ठेवला आणि लिहायला हात मोकळा राहिला नाही. इंजिन ड्रायव्हरलाही वर दोन लाडू पोचले. तो खाली वाकून म्हणाला, “आमच्याकडे मिळत नाही असलं काही. आणखी एक आहे का?”

श्रीरंग बाकावर येऊन बायकोशेजारी बसले.

“अगं, मी नीनाला थांबव म्हणत होतो.”

“कळलं होतं मला.”

“कळलं होतं?”

“मागच्या दाराने येतो म्हणालात तेव्हाच कळलं. मालगाडीला भिऊन कोणी मागच्या दाराने येतं का?” सुलेखाताईंनी शालीची घडी घातली. “पण तुम्ही ‘तिला थांबव’ म्हणालात. आरसाही जाणार होता. म्हटलं, आयती परवानगी मिळतेय.”

“कसली परवानगी?”

सुलेखाताईंनी वर खिडकीकडे पाहिलं.

“पहिल्या हिवाळ्यात तुम्ही प्लांटवर जायचात ना, तेव्हा मी रोज अकरा वाजता कोट घालून त्या खिडकीत उभी राहायची. बॅग भरलेली असायची. थांबली असती तर बसून गेले असते.”

श्रीरंगनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. पन्नास वर्षांत हे त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

“मालगाडीत?”

“तेवढा विचार नव्हता केला. बावीस वर्षांची होते. दिवसभर बोलायला कोणी नाही, बर्फ गुडघाभर. वाटायचं, ही गाडी कुठूनही गेली तरी शेवटी बडनेऱ्यालाच जात असेल. तिथून आमची अमरावती काय, हाकेच्या अंतरावर.”

श्रीरंगना त्या दोन खोल्या आठवत होत्या. बरणी, कुकर, कच्च्या डाळीचं हसू. आणि त्या सगळ्याच्या मागे, दाराशी, त्यांना कधीच न दिसलेली एक भरलेली बॅग होती. 

“मला तर वाटायचं, आपण इथे फार सुखात होतो,” ते म्हणाले.

“होतोच की,” सुलेखाताई म्हणाल्या. “ती थांबली नाही म्हणून.”

 श्रीरंगनी डब्यातली एक पुरी मोडून अर्धी त्यांना दिली.

“आज तर थांबलीय. मग बसली का नाहीस?”

“बीपीची गोळी घरी राहिलीय ना.”

तेवढ्यात श्रीरंगचा फोन वाजला. पलीकडे नीना होती.

“बाबा, मी त्र्यंबककाकांच्या दारात उभी आहे. काका हाफ पँटमध्ये गवत कापत होते. मी विचारलं, पूजा कुठे? ते म्हणाले, आरती आत्ताच झाली. देन ही शोड मी हिज फोन. लाइव्ह व्हिडिओ. बाबा, व्हाय इज आई स्टॉपिंग अ ट्रेन?”

“अगं, ते जरा बोलण्यात—”

“आणि ती कार कुणाची आहे? नंबरप्लेट दिसतेय मला!”

“डेंट नाहीये,” श्रीरंग घाईने म्हणाले. “एकही नाही. पोलिसाने स्वतः बघितलंय!”

“कारण आईने वाचवली! बाबा, गिव्ह द की टु आई. राइट नाऊ. मी लाइव्ह बघतेय.”

श्रीरंगनी समोर पाहिलं. रेल्वेवेड्याचा कॅमेरा खरोखरच त्यांच्यावर रोखलेला होता. तीन आठवडे ज्या किल्लीसाठी जिवाचं रान केलं, ती त्यांनी खिशातून काढली आणि साऱ्या जगासमोर बायकोच्या हातावर ठेवली. न्हावी, गिऱ्हाईक आणि पोलीस, तिघांनी टाळ्या वाजवल्या. श्रीरंगना वाटलं होतं तेवढं वाईट काही वाटलं नाही.

कंडक्टरबाई चौऱ्याऐंशी डबे बघून परतली आणि गाडीला हिसका बसला. दोन लांब, एक आखूड आणि एक लांब. “चार,” सुलेखाताई पुटपुटल्या आणि त्यांचा हात उगाच गॅस बंद करायला निघाल्यासारखा पुढे झाला. तो हात मग त्यांनी वर करून हलवला. डबे खिडकीखालून एकेक करून गेले, शेवटचाही गेला, आणि मेन स्ट्रीटवर नुसते रूळ राहिले. श्रीरंगनी चष्मा पुसला. सुलेखाताईंनी पुसला नाही, त्यांनी तो काढूनच ठेवला होता.

मग तो पुन्हा डोळ्यांवर चढवून त्या स्टिअरिंगवर बसल्या. सीट पुढे घेतली, आरसा खाली केला, आणि सगळ्यात आधी ते टीं टीं वाजणारं यंत्र चालू केलं. शेजारच्या सीटवर श्रीरंगनी पट्टा लावला. पंचेचाळीस वर्षांत ते या बाजूला फारसे बसले नव्हते.

“चला,” ते म्हणाले, “उशीर होतोय. गाडी काढ.”

सुलेखाताईंनी किल्ली हातातच धरली.

“कुठली?” त्यांनी विचारलं. “आता तरी नीट सांगत जा.”