किंचित नाराज जावई

मेहुणीच्या लग्नात सगळ्यांना फेटे बांधून झाले आणि गहिनीनाथ तेवढा बोडका राहिला, तेव्हा त्याला राग आला. पण नेमका किती, हे ठरवण्यात त्याचा बराच वेळ गेला. एरवी हा प्रश्न पडला नसता. त्यांच्याकडं राग एकाच मापात येतो, काठोकाठ.

शिवाय बोडकं ठेवणं हा अपमान नव्हताच. थोरल्या जावयानं मांडवात रुसायचं, तरातरा मोटारसायकलीकडं निघायचं, सासऱ्यानं दंड धरून परत आणायचं आणि मग भरजरी फेटा बांधायचा, हा रिवाज. तो फेटा सासऱ्यांच्या, सुग्रीवअण्णांच्या बगलेत तयारच होता. जावयानं रुसण्याचीच काय ती खोटी.

पण शिरूर कासारला बियाण्यांचं दुकान सांभाळून गहिनीनाथनं रामेश्वर सरांचा इंग्रजी बोलण्याचा क्लास लावला होता. सुशिक्षित माणूस राग हिंगासारखा चिमटीनं टाकतो, वर हसरा चेहरा ठेवतो, असं सरांनी शिकवलेलं. लग्नही सरांनीच जमवलं होतं, नवरदेव त्यांचा भाचा. त्यांच्यासमोर आरडाओरडा कसा करणार?

तो हसतमुखानं सासऱ्याकडं गेला. "अण्णा, आय ॲम अ बिट अपसेट."

"म्हंजी?"

"म्हंजी जरासा राग आलाय."

"लई न्हाई ना?"

"लई न्हाई."

"मग जेवून घ्या, पाव्हणं," अण्णा सुटकेनं म्हणाले आणि आपला जावई कसा गुणाचा, रुसत म्हणून नाही, हे व्याह्यांना सांगत सुटले.

गहिनीनाथनं सासूला 'स्लाइटली अनॉयड' सांगून पाहिलं, अर्थासकट. एवढ्याशा रागाला ताक पुरे, म्हणून तिनं तांब्याभर ताक दिलं. बायकोनं, सुनितानं, त्याला खांबाआड घेतलं.

"रुसायचं तर नीट रुसा की. माझ्या सख्ख्या बहिणीच्या लग्नात माझा नवरा बोडका फिरतोय."

तेवढ्यात पंगतीत पत्रावळ उडाली. जिलेबी दुसऱ्यांदा फिरली नव्हती.

"मामा म्हंजी काय वाटंवर पडलाय का? गाडी काढ बे, एक माणूस थांबायचा न्हाई इथं."

आवाज रामेश्वर सरांचा होता. सगळा मांडव धावला. अण्णांनी सरांचा दंड धरला, मग गुडघा धरला, आणि शेवटी बगलेतला भरजरी फेटा सरांच्या डोक्यावर चढला.

गर्दी पांगल्यावर गहिनीनाथ सरांजवळ गेला. "सर, चिमटीनं म्हणला होतात."

सरांनी फेट्याचा तुरा सारखा केला. "ते मुलाखतीला. हे लग्न हाय."

आता मात्र गहिनीनाथला राग आला, काठोकाठ. तो मोटारसायकलीकडं निघाला, वाटेत दोनदा थबकला. कुणी आलं नाही. मांडवाजवळची सगळी मनधरणी सरांवरच खर्च झाली होती. डोक्यावर काहीतरी हवं म्हणून त्यानं हेल्मेट चढवलं, काळी काच खाली ओढली आणि आतल्या आत सासरच्या सात पिढ्यांना अस्सल मराठीत फैलावर घेतलं.

अण्णांनी लांबूनच हात हलवला आणि व्याह्यांना कोपरानं ढोसलं.

"बघा. जाताना सुदिक तोंडावर राग न्हाई."