उन्हाचा बर्फ

गुरुवारी सकाळी सव्वानऊ वाजता बर्फाच्या कारखान्यातलं इंजिन थांबलं आणि वरच्या मजल्यावर चहा पीत बसलेले बर्फशेठ कपासकट उभे राहिले.

"कोण गेलं?" त्यांनी घाबरून विचारलं.

"कुणी गेलं नाही, बाबा. इंजिन बंद केलंय, सोलर चालू केलंय," लेक म्हणाली.

"मग ओरडतेस कशाला?"

"ओरडतेय कुठं? मी नेहमी एवढंच बोलते. आज तुम्हांला ऐकू आलं."

त्यात शेठचा काही दोष नव्हता. सत्तावीस वर्षं त्या घराखाली डिझेलचं इंजिन धडधडत होतं. घरात कप अर्धाच भरायचा, कारण वरचा अर्धा चहा आपोआप बशीत यायचा. भिंतीवरचं घड्याळ हादऱ्यांनी रोज दहा मिनिटं पुढं पळायचं. इथं आवाज काढण्यात अर्थ नाही, हे मांजराला तर पिल्लू असतानाच कळून चुकलं होतं. भूक लागली की ते नुसतंच तोंड उघडून दाखवायचं. शेठच्या बायकोनं इंजिनाचं नाव 'थोरली' ठेवलं होतं. सकाळी उठल्यावर शेठ आधी थोरलीची चौकशी करायचे, तिला तेल पाजायचे, तिच्या अंगावरून फडकं फिरवायचे आणि मग धाकटीकडे, म्हणजे लग्नाच्या बायकोकडे, चहा मागायचे.

ती थोरली आता गप्प झाली आणि त्या घरात इतकी शांतता पसरली, की ती हातानं चाचपून बघावी. नळ ठिबकत होता. घड्याळ टिकटिकत होतं. शेठच्या बायकोनं जिन्याच्या पायरीवर पाय ठेवला आणि ती तशीच थांबली.

"अगंबाई! हा जिना करकरतो?"

मांजरानं सवयीनं तोंड उघडलं, तर आतून खणखणीत 'म्यांव' निघालं. ते स्वतःच इतकं दचकलं, की कपाटाखाली जाऊन बसलं आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आलं नाही.

या सगळ्याला कारण झाला तेलाचा टँकर. सोमवारी यायचा तो आलाच नाही. कुठल्याशा दूरच्या समुद्रात कुणाचं तरी कुणाशी तरी बिनसलं होतं, तिथं जहाजं अडली होती, आणि इथं शेठकडे एकच पिंप तेल उरलं होतं. तीन तासांचं. शनिवारी दुपारी मासेमारीच्या सगळ्या बोटी धक्क्याला लागणार होत्या आणि बोटींच्या मुकादमाला शेठनं बर्फाच्या दोनशे चाळीस लाद्यांचा शब्द दिला होता.

"भांडण तिकडं होतं आणि बर्फ आपला वितळतो," लेक म्हणाली. "ऊन कुणाला अडवता येत नाही. टँकर नको, पिंप नको, रोज सकाळी माल थेट गच्चीवर टाकून जातं. आणि ऊन जितकं कडक, तितका आपला बर्फ जास्त. लोकांना बर्फ लागतो तोही उन्हातच ना?"

शहरातली कचेरी सोडून आलेली ही मुलगी दोन वर्षं गच्चीवर पॅनेलं बसवत होती, आणि शेठनं त्या पॅनेलांचा आजवर एकच उपयोग केला होता. त्यांच्या सावलीत ते दुपारी झोपायचे.

"उन्हापासून बर्फ! उद्या म्हणशील, दगडाचं दूध काढते."

"शनिवारी बारापर्यंत बघा. एक लादी कमी पडली तर माझ्या हातानं पॅनेलं उतरवते आणि परत त्या कचेरीत जाऊन बसते."

"बसशील ना? मग ठरलं," शेठ म्हणाले.

लेकीनं खाली जाऊन सगळ्यांना समजावून सांगितलं. तिथं माणसं होती तरी किती? दोन हमाल आणि एक नाडीमिस्त्री. इंजिनाला कान लावून त्याची नाडी बघतो म्हणून या मिस्त्रीला ते नाव पडलं होतं. टाकीत मिठाचं गार पाणी, त्यात साध्या पाण्याचे दोनशे चाळीस डबे, आणि वर जाड लाकडी झाकणं. ऊन असेपर्यंत पॅनेलांवर चालणारं नवं यंत्र टाकी गार करत राहणार आणि ऊन गेल्यावर टाकी ती थंडी पोटात धरून ठेवणार.

"अट एकच," ती म्हणाली. "झाकण उघडायचं नाही. उघडलं, की थंडी गेली."

सगळ्यांनी माना डोलावल्या. शेठनं तर दोनदा डोलावली.

पण सत्तावीस वर्षं शेठनं बर्फ डोळ्यांनी कधी बघितलाच नव्हता; ते तो कानांनीच बघत आले होते. धडधड चालू म्हणजे बर्फ होतोय. आता नवं यंत्र कोपऱ्यात पंख्यासारखं कुजबुजत होतं. हे गोठवतंय की कुणाची चहाडी सांगतंय, तेच शेठना कळेना. दहा वाजता ते हळूच खाली उतरले आणि त्यांनी एक झाकण उचलून बघितलं. पाणी. सव्वादहाला दुसरं उचललं. पाणी. साडेदहाला डबाच वर ओढून आत बोट घातलं.

शेठ बघतात म्हटल्यावर हमालांनाही राहवेना. "शेठनं बघितला तो कोपरा असेल कच्चा, आपण मधला बघू," म्हणून त्यांनी मधला बघितला. नाडीमिस्त्रीनं तर प्रत्येक डब्याला कान लावला. इंजिनाचा माणूस तो, इंजिनच नसेल तर त्याचं काय, ही धास्ती त्याला वेगळीच. एवढी झाकणं उघडली तर बर्फ कुठला होणार? बर्फ होईना म्हणून ती आणखी उघडली. शुक्रवारी सकाळी लेकीनं टाकी तपासली, तेव्हा प्रत्येक डब्याच्या काठाला बर्फाचा नुसता पापुद्रा धरला होता.

"कुणी उघडलं?"

हमालांनी मिस्त्रीकडे बघितलं, मिस्त्रीनं शेठकडे बघितलं, आणि शेठनं छताकडे बघितलं.

"मरू दे ते सोलर," शेठ म्हणाले. "मिस्त्री, पिंप ओता आणि थोरलीला चालू करा."

"बाबा, तीन तासांनी पिंप संपेल. मग?"

"मग टँकर येईल."

"आणि नाही आला तर?"

"तू आधी बाजूला हो बघू!"

शेठ स्वतः इंजिनाच्या खोलीत जाऊ शकत नव्हते. त्या धुरानं त्यांची छाती धरली होती आणि महिन्याभरापूर्वी डॉक्टरांनी तिथं पाऊल टाकायला बंदी केली होती. म्हणून ते अंगणात खुर्ची टाकून, डोळे मिटून, धडधड सुरू व्हायची वाट बघत बसले.

इंजिनाच्या खोलीत मिस्त्रीनं पिंपाला हात घातला, तोच मागून शेठच्या बायकोनं दार लावून घेतलं. तिनं लेकीचा चेहरा बघितला होता.

"मिस्त्री, त्यांना बर्फ हवाय की आवाज हवाय?"

"वहिनी, खरं सांगू? आवाज."

"मग द्या आवाज."

कोपऱ्यात रिकामी पिंपं ढिगानं पडली होती. मिस्त्रीनं एक आडवं केलं, लाकडी हातोडा घेतला, डोळे मिटले आणि सुरू केलं. धड धड धड, थड. धड धड धड, थड. सत्तावीस वर्षांची नाडी बोटांत होती त्याच्या! चौथा ठोका किंचित चुकायचा, थोरलीची ती जुनी खोड, तीसुद्धा त्यानं सोडली नाही.

अंगणात शेठची मान डोलायला लागली. मग त्यांनी डोळे उघडून धुराड्याकडे बघितलं.

"धूर कुठाय?"

शेठच्या बायकोनं तेलकट पोतं पेटवून धुराड्याखाली सरकवलं. काळा लोट बाहेर पडला, शेठना खोकल्याची उबळ आली आणि ते समाधानानं म्हणाले, "हां! आता कसं!"

थोड्या वेळानं ते पुन्हा ओरडले, "मिस्त्री! चौथा ठोका चुकतोय. साफ करा तिला!"

आत मिस्त्रीनं दोन क्षण हातोडा थांबवला, कपाळावरचा घाम पुसला आणि यावेळी चौथा ठोका चोख मारला.

"अस्सं!" शेठ म्हणाले. "माणसाला कळायला लागतं."

झाकणांकडे मग कुणी फिरकलं नाही. शेठ फिरकले नाहीत म्हणून हमालही फिरकले नाहीत. तीन तासांचं तेल दिवसभर कसं पुरतंय, हे शेठच्या मनातही आलं नाही; कानांना धडधड मिळत होती. शुक्रवारभर ऊन गच्चीवर कोसळत राहिलं, नवं यंत्र कुजबुजत राहिलं आणि बंद झाकणांखाली पाणी मुकाट्यानं घट्ट होत गेलं. दुपारनंतर मिस्त्रीचे हात भरून आले, तेव्हा शेठच्या बायकोनं पदर खोचला आणि हातोडा आपल्या हातात घेतला. सत्तावीस वर्षं ती त्या आवाजावर झोपली होती, उठली होती, लेकीला वाढवलं होतं. तिला का तो वाजवता येणार नव्हता? तिनं धरला तो ठेका ऐकून मिस्त्रीच तोंडात बोट घालून बसला.

अंगणातून शेठची हाक आली, "अहो मिस्त्री, आज काय गोड चाललीय हो ही! अशी कधी ऐकली नव्हती. जीव लावावा तर हिलाच!"

आत ठेका एकदम चुकला. लग्नाला तीस वर्षं होत आली होती आणि नवऱ्यानं आज पहिल्यांदा कौतुक केलं होतं. तेही सवतीचं. शेठच्या बायकोनं पिंपावर असा काही एक तडाखा हाणला, की मधोमध पोचा पडला.

"काय झालं?" शेठ.

"हवा अडकली होती, शेठ!" मिस्त्री.

शनिवारी सकाळी सूर्य वर आला तसा ठेका पुन्हा सुरू झाला. बारा वाजता लेकीनं हमालांना बोलावलं आणि पहिलं झाकण काढलं. सगळे वाकले. डबा वर आला, कोमट पाण्यात बुडाला, उलटा झाला आणि लादी सरकन फळीवर आली.

काचेला लाजवील अशी ती लादी होती. आरपार. पलीकडे उभ्या असलेल्या हमालाच्या सदऱ्याची बटणं अलीकडून मोजता येत होती. दुसरी आली, दहावी आली, शंभरावी आली. उघड्या दारातून उन्हाचा पट्टा आत येऊन लाद्यांवर पडला आणि भिंतीवर, छतावर, माणसांच्या तोंडांवर रंग नाचायला लागले. शेठ एकेका लादीवर हात ठेवत फिरत होते, ताप बघावा तसे.

"दोनशे चाळीस," लेक म्हणाली.

"थोरलीनं लाज राखली!" शेठच्या डोळ्यांत पाणी आलं. "आज तिच्या अंगावरून हात फिरवल्याशिवाय राहवणार नाही. डॉक्टर गेला खड्ड्यात." आणि कुणी अडवायच्या आत ते इंजिनाच्या खोलीचं दार ढकलून आत गेले.

आत थोरली थंडगार पडली होती. तिच्या शेजारी तेलाचं पिंप भरलेलं, झाकणसुद्धा न काढलेलं. आणि पलीकडे कपाळाला काजळी फासलेली, घामानं चिंब झालेली त्यांची बायको, डोळे मिटून, पिंप बडवत होती.

शेठनं इंजिनावर हात ठेवला. मग छताकडे, म्हणजे त्याच्याही वरच्या गच्चीकडे बघितलं.

"म्हणजे... एवढा सगळा... त्यानंच?"

"त्यानंच," बायको हातोडा खाली ठेवत म्हणाली.

"आणि कालपासून गोड चाललेली..."

"मी!"

शेठनं तिच्या तळहातांवरचे फोड बघितले. मग ते म्हणाले, "हात दुखले असतील गं तुझे."

एवढ्यात बाहेर ट्रक थांबला आणि बोटींचा मुकादम आत आला. लाद्या बघून तो खूश झाला, पण दारातून सगळं ऐकलेल्या हमालांच्या पोटात काही राहीना. "मुकादम, हा उन्हाचा बर्फ आहे!" एकानं सांगून टाकलं.

मुकादमानं लादीवरचा हात झटकन काढला. "उन्हाचा? अहो शेठ, मग तो धक्क्यापर्यंत तरी टिकेल का? उन्हातला माल तो, उष्णच असणार!"

लेकीचा चेहरा पडला. ती पुढं होणार, तोच शेठनं मुकादमाचा दंड पकडला. "चला वर."

दोघं गच्चीवर गेले. भर दुपारच्या उन्हात पॅनेलांच्या रांगा निळ्याशार पसरल्या होत्या, जणू कुणी तळं आणून गच्चीवर वाळत घातलंय. मुकादमानं न सांगता पायांतल्या चपला काढल्या, चटका बसला म्हणून पुन्हा घातल्या आणि हळूच विचारलं, "चालू आहे हे? आवाज तर काहीच येत नाही."

"आवाज?" शेठ म्हणाले. दोन दिवसांपूर्वी स्वतः डब्यांत बोटं घालत फिरणारे हे शेठ! "सूर्य इतकी वर्षं उगवतोय. एकदा तरी खडखडलाय का? आवाज हलका माल करतो, मुकादम. ज्याला खरोखर काम येतं, ते गुपचूप करून मोकळं होतं. आमच्या लेकीकडे बघा."

जिन्यात उभ्या असलेल्या लेकीनं ते ऐकलं. आता त्या घरात सगळंच ऐकू यायचं.

मुकादमाला पटलं. पण तो घुटमळला. "मला कळलं हो, शेठ. पण बोटवाल्यांचं काय? शंभर माणसं. त्यांना असा मुका बर्फ दिला तर ते मासळी भरायचे नाहीत. एकेकाला कुठं गच्चीवर आणू?"

शेठनं क्षणभर विचार केला. मग कठड्यावरून वाकून हाक मारली, "मिस्त्री! एक पिंप ट्रकवर चढवा. आणि तुम्हीही चढा."

त्या दिवशी धक्क्यावर दोनशे चाळीस लाद्या पोचल्या, एकीलाही टवका न उडता. ट्रकच्या टपावर नाडीमिस्त्री पिंप बडवत होता, धड धड धड, थड, आणि बोटवाले टोप्या हलवत होते, की वा, इंजिन जोरात दिसतंय! मासळी भरली, थंडगार राहिली, बोभाटा झाला नाही. पुढं बोटवाल्यांनाही खरी गोष्ट कळली; पण तोवर त्यांच्या कानांना सवय लागली होती, आणि मिस्त्रीची नोकरीही पक्की झाली होती. त्यामुळं त्या धक्क्यावर बर्फ अजूनही वाजतगाजत येतो.