डोरल्याची ट्रायल

रविवारी सकाळी साडेनऊ वाजता, भिलाईच्या सेक्टर सहामधल्या आपल्या क्वार्टरच्या मागच्या अंगणात, शामसुंदर वैरागडे यांनी बायकोच्या मंगळसूत्राचं डोरलं पुरलं. डोरलं सोन्याचं होतं, बायको बाजारात गेली होती आणि वैरागडे पूर्ण शुद्धीवर होते.

कारखान्याच्या स्टोअर्समध्ये आलेला माल तपासून घेण्यात त्यांची सारी नोकरी गेली होती. येत्या उन्हाळ्यात ते निवृत्त होणार होते, आणि मग क्वार्टरही सोडायचं होतं. "घरी बसून माह्या डब्याडुब्यांची तपासणी करसान, त्यापेक्षा कोणता तरी छंद धरा," असं प्रेमलाबाईंनी दिवाळीतच बजावलं होतं. त्याच सुमारास दुर्गच्या पद्मनाभपुरात कोणाच्या तरी घराचा पाया खणताना जुन्या नाण्यांनी भरलेला पितळी गडवा निघाल्याची बातमी आली. नाणी कोणी पाहिली नव्हती, पण गडवा पाहिलेले पुष्कळ जण भेटत होते. वैरागड्यांचा छंद ठरला. निवृत्तीनंतर धातू शोधायचं यंत्र घेऊन माळरानं धुंडाळायची.

यंत्र कोणतं घ्यावं, हा प्रश्न होता. शेजारचे अच्युतराव दाणी म्हणाले, आमचा साडू अमेरिकेतून आणून देईल. त्याची किंमत ऐकल्यावर, आधी गुप्तधन सापडलं तरच ते यंत्र घेता येईल, हे वैरागड्यांच्या लक्षात आलं. जबलपूरला फौजेच्या मोडीत सुरुंग शोधायचं एक यंत्र पडून होतं. ते स्वस्त होतं, पण उचलायला दोन माणसं लागत आणि त्याची बॅटरी आता कुठेच बनत नव्हती. राहिला दुर्गचा केवलराम. तो रेडिओ दुरुस्त करायचा. त्याने बांबूच्या टोकाला तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि वर जुना ट्रान्झिस्टर बांधून स्वतःच एक यंत्र बनवलं होतं. खाली धातू आला की शिट्टी वाजे, नसला की आकाशवाणीचं रायपूर केंद्र लागे. किंमत परवडण्यासारखी होती.

"पहले चला के देख लेव बाबूजी," केवलराम म्हणाला होता. "पसंद आही, तभे पैसा."

हे बोलणं वैरागड्यांच्या काळजाला भिडलं. ट्रायल घेतल्याशिवाय त्यांनी कारखान्यात साधा खराटाही पास केला नव्हता. ट्रायलला नमुना लागतो. लोखंडाचा नमुना पुरण्यात अर्थ नव्हता, कारण शोधायचं होतं सोनं. आणि घरात सुटं सोनं एकच होतं. प्रेमलाबाईंची पोत तुटली होती, म्हणून मणी आणि डोरलं देव्हाऱ्याजवळ वाटीत ठेवलेलं होतं.

नमुना कुठे आहे हे तपासणाऱ्याला माहीत असू नये, असाही नियम आहे. इथे पुरणारे आणि तपासणारे एकच होते. तेव्हा वैरागड्यांनी डोळे मिटले, स्वतःभोवती गिरक्या घेतल्या, भोवळ आल्यावर पाय नेतील तिकडे गेले, चाचपडत खुरप्याने माती उकरली, डोरलं पुरलं आणि पुन्हा गिरक्या घेतल्या. मग डोळे उघडून, माग राहू नये म्हणून, सगळ्या अंगणावर खराटा फिरवला. ट्रायल अगदी निर्दोष झाली होती.

केवलराम आला, यंत्र सुरू झालं आणि शिट्टी वाजली. दोन पावलं पुढे गेले, शिट्टी वाजली. पेरूखाली, नळाशी, भिंतीकडेला, सगळीकडे शिट्टी. रायपूर केंद्र फक्त सिमेंटच्या ओट्यावर लागलं. सेक्टर वसवताना इथली जमीन भट्टीतून निघालेल्या गाळाने आणि भंगाराने भरून सपाट केलेली होती. ही गोष्ट भिलाईत सगळ्यांना ठाऊक होती. वैरागड्यांनाही होती.

"मशीन तो एकदम सही हे," केवलराम अभिमानाने म्हणाला. "पूरा जमीन लोहा हे बाबूजी!"

"सोना और लोहा अलग नहीं बताता क्या?"

"ओ तो अमरीका वाला बताही."

केवलराम यंत्र ठेवून गेला. वैरागड्यांनी कुदळ घेतली. पहिल्या खड्ड्यात बोल्ट निघाला, दुसऱ्यात बिजागरी, तिसऱ्यात एक चमचा. हा चमचा हरवल्याबद्दल प्रेमलाबाईंनी एका मोलकरणीला काढून टाकलं होतं. तो त्यांनी मुकाट्याने पुन्हा पुरला.

भिंतीवरून अच्युतरावांचं डोकं वर आलं. "काय हो वैरागडे, पाइप फुटला की काय?"

"नाई हो. पपई लावून राहिलो."

"वा! मग थांबा, माझ्याकडे रोपं आहेत."

रोपं आली, पाठोपाठ अच्युतराव आले आणि दोन खड्ड्यांत पपया लावूनच गेले. तेवढ्यात प्रेमलाबाई पिशवी घेऊन दारात उभ्या राहिल्या. खणलेलं अंगण बघून त्यांचा चेहरा असा उजळला, की वैरागड्यांनी कुदळ पुन्हा उचलली.

"बापा! किती वर्सांपासून म्हणून राहिली मी, थोडं खणून द्या, भाजीपाला लावतो. आज उगवलं का तुमाले?" त्यांनी पिशवी तिथेच ठेवली आणि पदर खोचला. "इकडं मेथी. तिकडं वांगे. अजून खोल करा, एवढ्यानं काय होते?"

दुपारी त्यांनी वाटी पाहिली. "डोरलं कुठी गेलं हो?"

"सराफाकडं दिलं," वैरागडे म्हणाले. "पोत नवीन करून घेऊ म्हटलं. जातीनं जाऊन आलो."

"मणी तं इथंच हायेत."

"तो आपले मणी लावतो म्हणे."

प्रेमलाबाईंनी आत जाऊन पिवळ्या दोऱ्यात हळकुंड ओवलं आणि गळ्यात बांधलं. "डोरलं येईपर्यंत," म्हणाल्या.

ते हळकुंड वैरागड्यांना स्वस्थ बसू देईना. ऑफिसातून आले की सायकल भिंतीला टेकवून ते थेट अंगणात जात. एकीकडे ते माती चाळत पुढे सरकत आणि पाठोपाठ प्रेमलाबाई त्याच मातीत बी टाकत येत. मेथी उगवली तसा तिथे पुन्हा खणायचा मार्ग बंद झाला. कोथिंबिरीने नळाकडची बाजू अडवली. सेक्टरमध्ये बोलबाला असा झाला, की निवृत्तीची तयारी करावी तर वैरागड्यांसारखी. अच्युतरावांच्या बायकोने नवऱ्याला भिंतीपाशी नेऊन त्यांचा घाम दाखवला.

वांग्याच्या वाफ्यात तर प्रेमलाबाईंनी, ते ऑफिसात असताना, स्वतःच रोपं लावून टाकली. तेवढीच जागा चाळायची राहिली होती. हळदी-कुंकवाचे दिवस जवळ आले. एका संध्याकाळी अंगणात चहाचा कप हातात असताना वैरागड्यांना तो पिवळा दोरा घासून पांढरा पडलेला दिसला. त्यांनी कप खाली ठेवला.

"प्रेमला, डोरलं सराफाकडं नाई."

"मालूम हाय मले."

"कधीपासून?"

"त्याच दिसापासून. पोतीचं विचाराले त्या सकाळी मीच तं गेली होती सराफाकडं. त्याच्या दुकानाले कुलूप. लगनासाठी तो राजनांदगावले गेला होता."

"मंग इतके दिवस बोलली कावून नाई वं?"

"वांग्याचा वाफा व्हायचा होता नं," प्रेमलाबाई म्हणाल्या. मग मेथीची एक काडी उगाच खुडत म्हणाल्या, "आन् सैपाक करता करता तुमी खिडकीतून दिसून राहिले होते. इतक्या वर्सांत कधी दिसले होते का तुमी?"

वैरागड्यांनी खाली ठेवलेला कप पुन्हा उचलला.

"माती चाळताना पाहूनच समजली मी. पण पुरलं कावून, ते तं सांगा," प्रेमलाबाई म्हणाल्या.

वैरागड्यांनी ट्रायल सांगितली. नमुना, नियम, खराटा. गिरक्यांपाशी आल्यावर प्रेमलाबाईंना ओट्यावर बसावं लागलं. पदर तोंडाला लावून त्या इतक्या हसल्या, की भिंतीवर अच्युतरावांचं डोकं वर आलं आणि संकोचून खाली गेलं.

"गिरक्या कोणत्या बाजूनं घेतल्या, हे तरी ध्यानात हाय का?"

"ध्यानात राहिलं असतं तं ट्रायल बाद झाली असती."

केवलराम अजून विचारतो, "बाबूजी, मशीन पास के फेल?" वैरागडे निकाल देत नाहीत, पण यंत्रही परत करत नाहीत. जमिनीत जे आहे ते सगळंच दाखवतं, हा दोष ठरवावा की नाही, हे त्यांना ठरवता आलेलं नाही. हळदी-कुंकवाला प्रेमलाबाई हळकुंड घालूनच बसल्या. कोणी विचारलं तर म्हणायच्या, "डोरलं घरीच हाय."

क्वार्टर उन्हाळ्यात सोडायचं आहे. गेल्या रविवारी वैरागड्यांनी यंत्र वांग्याच्या वाफ्यावर धरलं, तेव्हा नेहमीसारखीच शिट्टी वाजली. त्यांनी खुरपं उचललं.

"थांबा," खिडकीतून प्रेमलाबाई म्हणाल्या. "फुलं धरली हायेत."

वैरागड्यांनी खुरपं खाली ठेवलं. डोरलं अद्याप मिळालेलं नाही.