पत्त्यासकट गाऱ्हाणं

आमच्या ‘दहावी ब’च्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणी घरची बातमी टाकली, की दुसऱ्या दिवशी सकाळी ती देवाच्या कानावर गेलेली असते. बाकीचे लोक फुलं, फुगे आणि जोडलेले हात पाठवून मोकळे होतात. रोहिदास नारळ घेऊन देवळात जातो, रीतसर गाऱ्हाणं घालतो आणि ते फोनवर रेकॉर्ड करून ग्रुपवर सोडतो.

डिचोलीजवळच्या त्याच्या गावात गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्याच घराण्याकडे, तेव्हा त्याला अडवणार कोण? आवाजही असा, की शाळेत त्याला प्रार्थनेला सगळ्यात मागे उभं करायचे तरी पुढे उभ्या असलेल्या बाई दचकायच्या.

“देवाक मोघम सांगूं नये गो,” तो मला नेहमी ऐकवतो. “सगळ्यांचें बरें कर म्हटल्यार तो कोणाचें करतलो? नांव सांग, गांव सांग, दुखणें सांग.” त्यामुळे आमच्या वर्गाची साखर, रक्तदाब, बदल्या, सुनांचे दिवस, सगळं देवासमोर खुलासेवार मांडलं जातं. “बा म्हाराजा, आमची ती पयल्या बाकावयली शालिनी, वाळपयच्या शाळेंत शिकयता, तिचो पूत दुबयंत नोकरेक लागला, ताका सांबाळून घे.” ही शालिनी म्हणजे मी.

माझा मुलगा दुबईत नव्हता, दोहाला होता. मी फोनवर आभार मानताना सहज तसं म्हटलं. झालं. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर नवं रेकॉर्डिंग हजर. “म्हाराजा, काल माजी चूक जाली. शालिनीचो पूत दोहांत आसा. दुबयंत सोदत रावूं नाका.” त्यासाठी त्यानं वेगळा नारळही ठेवला होता. पूर्ण वर्ग आठवडाभर हसत होता, आणि खरं सांगते, मला मात्र त्या रात्री पहिल्यांदा शांत झोप लागली.

वर्गातल्या सुनीलची गंमत याहून मोठी. त्यानं ग्रुपवर जाहीर केलं, की पर्वरीत फ्लॅट घेतला. रोहिदासनं लगेच देवाचे आभार मानले, ‘स्वताच्या घरांत’ हे शब्द दोनदा घोळवून. संध्याकाळी सुनीलचा त्याला फोन. “भाड्याचो आसा रे. देवाक तशें सांगून सोड.”

“फट तूं मारली, सांगतलों हांव? तूंच यो,” रोहिदास म्हणाला. सुनील रविवारी बायकोला काहीतरी कारण सांगून आला आणि आपली थाप कबूल करायला देवासमोर खालमानेनं उभा राहिला. तेव्हापासून आमच्या ग्रुपवर कोणी बढाई मारत नाही. नेमणुकीचं पत्र हातात पडेपर्यंत कोणी तोंड उघडत नाही. एवढ्या खात्रीच्या बातम्या पेपरातही येत नसतील.

जगाच्या बातम्या गोळा करणारा हा गृहस्थ स्वतःची मात्र देत नाही. विचारलं तर म्हणतो, “आमचें देवाक दिसताच. देवळाच्या समोरच घर आसा.”

गेल्या महिन्यात माझा मुलगा नोकरीत कायम झाला. यावेळी ग्रुपवर न लिहिता मी स्वतःच नारळ घेऊन गेले. देवळासमोर एकच अंगण आहे आणि त्यात दोन घरं, एक रोहिदासचं आणि एक त्याच्या धाकट्या भावाचं, म्हादेवचं. दोघांचा मिळून एक ट्रक होता, सुर्ल्याच्या खाणीवर चालायचा. खाणी बंद पडल्या तेव्हा म्हादेव म्हणाला थांबूया, रोहिदास म्हणाला विकूया, आणि त्यानं विकून टाकला. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. अंगण एकच राहिलं, पण तुळशी दोन झाल्या.

माझं गाऱ्हाणं दणक्यात झालं. दोहाच काय, मुलाच्या साहेबाचं नावही त्यानं चुकवलं नाही. मग त्यानं फोन बंद करून खिशात टाकला. आटोपलं असं समजून मी चपलांकडे वळले, तर मागून आवाज आला, अगदी खालच्या सुरात.

“आनी म्हाराजा, आमचो म्हादेव. ताचें कितें आसा तें माका खबर ना. तुका खबर आसतलें. ताचें बरें कर.”

रोहिदास आणि मोघम गाऱ्हाणं! मी परत फिरले. कारण म्हादेवचं काय आहे ते मला ठाऊक होतं. त्याची बायको सुमती मला वाळपईच्या बाजारात भेटली होती. म्हादेवच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय, बुधवारी, बांबोळीच्या इस्पितळात. “भावोजींक सांगूं नाका हां,” असं बजावून ती गेली, आणि मी बसमध्ये चढताना धावत परत येऊन खिडकीतून म्हणाली, “उजवो गुडघो.” एवढ्यासाठी बाई धावत का आली, ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

मी रोहिदासला सगळं सांगून टाकलं. त्यानं मला पुन्हा एकदा विचारलं, “खंयचो पाय?” मग तो देवाकडे वळला. “म्हाराजा, आयक. आतां सारकें सांगतां.” नाव सांगितलं, गाव सांगितलं, बुधवार, बांबोळी, सगळं सांगितलं, आणि ‘उजवो गुडघो’ म्हणताना त्याचा तो थोरला आवाज फाटला. गाऱ्हाण्याला जमलेल्यांनी “व्हय म्हाराजा” म्हणायचं असतं, पण तिथं दुसरं कोणी नव्हतं, म्हणून ते मी म्हटलं.

त्यानं नारळ फोडला आणि एक वाटी माझ्या हातावर ठेवली. “म्हादेवाक दी. तुजे वाटेर पडटा.”

म्हादेवचं घर माझ्या वाटेवर मुळीच नव्हतं. ते समोर होतं, तो स्वतः चालत जाऊ शकला असता. पण मीच अंगण ओलांडलं. सुमतीनं वाटी घेतली, डोळ्यांना लावली आणि कोणी दिली ते विचारलं नाही. आत बाजेवर पाय लांब करून बसलेल्या म्हादेवनं मात्र विचारलं, मला नव्हे, सरळ उघड्या दाराकडे बघत, देवळापर्यंत जाईल अशा आवाजात.

“उजवोच सांगला ना? डाव्याक माका कांय जावंक ना.”

देवळाच्या पायरीवरून उत्तर आलं, “उजवोच सांगला रे.”